कुंपणावरून रोम

"टाकवतही नाही आणि पटतही नाही!" एवढाच निकाल देऊन शेजारच्या मावशींनी मेंदीच्या कुंपणावरून जाडजूड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. डॅन ब्राउनचं 'एंजल्स अँड डीमन्स'. वर वर्तमानपत्राचं कव्हर, आत पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. मावशींनी वसईच्या शाळेत तीसेक वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेला. त्यामुळे कादंबरीही त्यांनी सहामाहीचा पेपर तपासावा तशी तपासली होती. कुठे 'चूक', कुठे 'सन बघा', आणि एका ठिकाणी तर नुसतं 'हॅ!'

हे पुस्तक तसं जुनं, २००० सालचं. 'द दा विंची कोड' आलं २००३ मध्ये. पण आमच्या आळीत सगळ्यांनी आधी दा विंची वाचलं आणि मग हे, कारण तोवर या लेखकाचं नावही कुणाच्या कानावर आलं नव्हतं. दा विंचीवरचा सिनेमा २००६ मध्ये आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते इथल्या लोकांना चांगलं आठवतं. काही राज्यांनी बंदीच घातली, त्यात गोवाही होता. आमच्याकडे चर्चच्या आवारात त्यावर तावातावाने बोलणाऱ्या निम्म्या लोकांनी पुस्तक उघडलंही नव्हतं, असं मावशीच सांगतात. या रोमच्या पुस्तकावर मात्र तसला दंगा झाला नाही. ते आपलं घरोघरी फिरत राहिलं. मग २०२५ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांच्या पश्चात नव्या पोपची निवड सुरू झाली, घरोघरी टीव्हीसमोर लोक सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्याकडे डोळे लावून बसले, आणि कुणीतरी कपाटातून हे पुस्तक परत बाहेर काढलं. तेव्हापासून आमच्या कुंपणावर रोम आहे.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. पोप वारलेत. नवा निवडायला कार्डिनल जमलेत. त्यांतले चार, ज्यांच्यापैकी कुणीतरी पोप होणार असं सगळे धरून चाललेत, तेच गायब. इकडे जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेतून पाव ग्रॅम प्रतिद्रव्याची कुपी चोरीला गेलीय आणि ती व्हॅटिकनमध्ये कुठेतरी लपवलीय. मध्यरात्री फुटणार. त्याआधी रात्री आठ, नऊ, दहा आणि अकराला एकेका कार्डिनलचा मुडदा रोममधल्या एकेका ठिकाणी पडणार. माती, हवा, अग्नी, पाणी या क्रमाने. आणि या सगळ्यामागे म्हणे गॅलिलिओच्या काळातली 'इल्युमिनाटी' ही गुप्त मंडळी. हार्वर्डचे प्राध्यापक रॉबर्ट लँग्डन बर्निनीच्या शिल्पांमागे खुणा शोधत धावतात. खुनी कोण, हे मी सांगणार नाही. कोपऱ्यावरच्या घरातल्या भाऊंनी ते भर चौकात सांगून टाकलं होतं आणि माझ्या लेकीने त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला होता.

भाऊंचं काय, की त्यांनी फक्त सिनेमा पाहिलाय. २००९ चा, टॉम हँक्सचा. पण मत ठाम. "पुस्तकात काही दम नसणार, सिनेमा बेस्ट. व्हॅटिकन काय दाखवलंय! अगदी आत जाऊन आल्यासारखं वाटतं."

मावशींनी सुकेळ्यांच्या पानांची गाठ मारता मारता मान वर केली. "आत कुठला जातोस? व्हॅटिकनने त्यांना चित्रीकरणाची परवानगीच दिली नव्हती. चर्चमध्येही नाही. तू पाहिलंस ते लॉस एंजेलिसमध्ये उभारलेलं व्हॅटिकन."

"पण सेम टु सेम होतं ना?"

"तू कधी पाहिलंयस, सेम टु सेम म्हणायला?"

यावर भाऊंनी पानाची पिंक टाकायला तोंड फिरवलं.

मावशींना बोलायचा अधिकार आहे, कारण त्या धर्मग्रामातल्या मंडळींबरोबर रोमची यात्रा करून आल्यात. पुस्तक घेऊन नव्हे, पण परत आल्यावर त्यांनी ते पुन्हा वाचलं आणि मग पेन्सिल काढली. त्यांचा पहिला राग संत तेरेजाच्या शिल्पावरून. सांता मारिया देला व्हित्तोरिया या चर्चमध्ये बर्निनीने घडवलेली ही तेरेजा. देवदूत हातात बाण घेऊन उभा, आणि ती डोळे मिटून मागे कललेली. कादंबरी सांगते की हे शिल्प फार उत्तान वाटलं म्हणून पोप अर्बन आठवे यांनी ते व्हॅटिकनमधून काढून गावातल्या कुठल्याशा आडबाजूच्या चर्चमध्ये धाडलं.

"अर्बन आठवे वारले १६४४ मध्ये," मावशी बोट मोडत म्हणाल्या. "बर्निनीने तेरेजा घडवायला घेतली १६४७ च्या सुमाराला. आणि घेतली तीच मुळी कार्डिनल कोर्नारोंच्या घराण्याच्या चॅपेलसाठी, त्याच चर्चमध्ये. मेलेल्या माणसाने न घडलेलं शिल्प कसं गं हलवलं?"

दुसरा राग पत्त्याचा. कादंबरीत हे चर्च बार्बेरीनी चौकात आहे. खरं तर ते तिथून वेगळ्या रस्त्यावर, व्हिया व्हेंती सेत्तेंब्रेवर आहे. मावशींच्या गटातल्या एका बाईने पुस्तक वाचलं होतं आणि ती त्या चौकात उभी राहून चर्च शोधत होती. तिच्यासाठी बाकीच्यांना बस थांबवावी लागली, हे मावशी अजून विसरलेल्या नाहीत.

तिसरा राग निवडणुकीचा. पुस्तकात दीडशेच्या वर कार्डिनल मतदानाला बसतात. पोप पॉल सहावे यांनी १९७५ मध्ये मतदारांची मर्यादा १२० ठरवून दिली होती. "२०२५ मध्ये १३३ बसले, तिथे १२० ओलांडलेच की," मी म्हटलं. "ओलांडले, पण पोपनीच जास्त नेमले होते म्हणून. आणि ऐंशी ओलांडलेले आत जात नाहीत. आपले मुंबईचे ग्रेशियस बाहेरच राहिले ना? गोव्याचे फेर्रांव आत होते." आपल्या देशातले चौघे त्या खोलीत होते, हे मावशींना त्यांच्या नावांसकट पाठ. पुस्तकात जल्लोषाने, एकमुखाने पोप निवडण्याची जी युक्ती शेवटी वापरलीय ती पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ च्या नियमांत काढून टाकली होती, म्हणजे पुस्तक येण्याच्या चार वर्षं आधी. समासात तिथेच ते 'हॅ!' आहे.

एवढं सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, "मग आवडलं की नाही?"

"तीन वेळा वाचलंय!" मावशी म्हणाल्या. "दा विंचीपेक्षा हे कितीतरी सरस. त्यात देवाच्याच घरात नाक खुपसलंय. इथे नुसती धावपळ आहे. आणि श्रद्धा मोठी की विज्ञान, यावर त्या चर्चमधल्या तरुण धर्मगुरूचं जे लांबलचक भाषण आहे ना, ते मिस्सेत वाचून दाखवावं इतकं चांगलं आहे."

मग त्यांनी आतून फोटोंचा अल्बम आणला. पियात्झा नाव्होनातलं चार नद्यांचं कारंजं. कादंबरीत चौथ्या कार्डिनलला इथेच बुडवतात. मावशींनी कुंपणावर अल्बम टेकवून बोटाने दाखवायला सुरुवात केली, आणि खरं सांगते, पुस्तकातल्या दहा प्रकरणांपेक्षा ती पंधरा मिनिटं मला जास्त आवडली. मध्ये खडकांचा डोंगर, त्यावर इजिप्शियन धाटणीचा ओबेलिस्क, आणि चार कोपऱ्यांवर चार धिप्पाड पुरुष. एक डॅन्यूब, एक नाईल, एक दक्षिण अमेरिकेतली रिओ दे ला प्लाता, आणि एक, अहो, आपली गंगा! हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला बाप्या म्हणजे गंगा. १६५१ मध्ये बर्निनीने रोमच्या भर चौकात गंगा बसवली. आपल्याकडे गंगामाई म्हणतात हे त्याला कुणी सांगितलं नसावं. वल्हं अशासाठी, की या नदीतून नावा दूरवर जातात.

नाईलच्या डोक्यावर कापड ओढलेलं आहे, कारण त्या नदीचा उगम तेव्हा युरोपला ठाऊक नव्हता. आणि प्लाता हात वर करून मागे सरकल्यासारखा बसलाय. रोमचे लोक काय सांगतात माहीत आहे? समोरचं सांत अन्येझे चर्च बर्निनीचा वैरी बोरोमिनी याने बांधलं. ते आपल्या अंगावर कोसळेल म्हणून प्लाता घाबरलाय आणि ते कुरूप चर्च नको बघायला म्हणून नाईलने तोंड झाकलंय! मावशींना हा किस्सा गाइडने सांगितला होता. शाळेच्या बाई त्या, परत येऊन तारखा ताडून पाहिल्या. कारंजं पुरं झालं १६५१ मध्ये. चर्चचं काम सुरू झालं १६५२ मध्ये, आणि बोरोमिनी आला त्याच्याही नंतर.

म्हणजे रोमकर पण आपल्यासारखेच! कुंपणावरच्या गप्पांना तारखा कुणी विचारत नाही. ओबेलिस्कच्या टोकावर एक ब्रॉन्झचं कबुतर आहे, चोचीत ऑलिव्हची फांदी. कादंबरीत हे कबुतर म्हणजे गुप्त मंडळींची मोठी खूण, त्याची नजर पुढच्या ठिकाणाकडे. प्रत्यक्षात ते पाम्फिली घराण्याचं चिन्ह. कारंजं बांधवून घेणारे पोप इनोसंट दहावे त्या घराण्यातले, आणि कबुतर त्यांनी दारावर नाव कोरावं तसं वर बसवलं. "एवढा साधा उलगडा असताना," मावशी म्हणाल्या, "माणसाला त्यातही कारस्थानच का दिसावं?"

"कारण साध्या उलगड्याचं पुस्तक कोण विकत घेणार?" हे पलीकडच्या काकांचं. काका तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेत. दुपारी सायकलवरून मासळी घेऊन जाताना आमच्या कुंपणाशी थांबतात. पिशवीतल्या बोंबिलांकडे मांजर टक लावून बघत असतं, पण काकांचं लक्ष प्रतिद्रव्यावर.

काकांना चर्चच्या पत्त्याशी, पोपच्या नियमांशी काही घेणंदेणं नाही. "तो भाग छान जमलाय," म्हणाले, "इतिहास चोख असावा." मावशींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. काकांचा आक्षेप एकच, ती पाव ग्रॅमची कुपी. तत्त्व खरं, असं ते म्हणतात. द्रव्य आणि प्रतिद्रव्य भेटलं की दोन्ही नाहीसं होतं आणि सगळ्याची ऊर्जा होते. लाइट बिलाच्या पाठीमागे त्यांनी मला हिशेब करून दाखवला. पाव ग्रॅम प्रतिद्रव्य, पाव ग्रॅम साधं द्रव्य, मिळून अर्धा ग्रॅम. प्रकाशाच्या वेगाच्या वर्गाने गुणायचं. उत्तर साधारण दहा किलोटन टीएनटी, म्हणजे हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या खालोखाल. व्हॅटिकन उडायला ते पुरे.

"मग चूक कुठे?"

"चूक ते आणणार कुठून, इथे. सर्नमध्ये १९९५ साली प्रतिहायड्रोजनचे अणू पहिल्यांदा तयार झाले, ते किती? नऊ. ग्रॅम नव्हे, अणू! २०१० मध्ये पहिल्यांदा अडकवून ठेवले ते ३८. सर्नचेच लोक सांगतात, आजवर आम्ही केलेलं सगळं प्रतिद्रव्य एकदम जाळलं तरी घरातला एक दिवा काही मिनिटं पेटेल. एक ग्रॅम करायला अब्जावधी वर्षं. आणि हा गडी पाव ग्रॅम कुपीत भरून खिशातून घेऊन जातो!" काकांनी बिलाची घडी घातली. "शिवाय लँग्डन हेलिकॉप्टरमधून उडी मारतो, हातात एक ताडपत्रीसारखं कापड, आणि पडतो कुठे तर बरोब्बर टायबर नदीत. ती पण इस्पितळ असलेल्या बेटाजवळ. आमच्या लहानपणी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असल्या उड्या मारायचा, पण त्यात सुरुवातीला 'हे सगळं खरं आहे' असं कुठे छापलेलं नसायचं."

हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मी येणार आहे.

सर्नचं नाव निघालं की काका दुसरी एक गोष्ट सांगतातच. त्या आवारात नटराजाची दोन मीटर उंचीची मूर्ती आहे. आपल्या अणुऊर्जा विभागाने २००४ मध्ये भेट दिलेली. पदार्थाच्या सूक्ष्म कणांचं जे अखंड नाचणं चालतं त्याच्याशी शिवाच्या नृत्याचं नातं जोडलेलं. आता यात काय वाईट? पण २०१६ मध्ये रात्रीच्या वेळी त्या मूर्तीपुढे कुणीतरी काळे झगे घालून नरबळीचं सोंग केलं, त्याचं चित्रीकरण पसरलं, आणि सर्नला चौकशी करावी लागली. तो कुणाचा तरी आचरट विनोद होता. पण जगभर लोकांनी मानलं की तिथे खरंच काहीतरी अघोरी चालतं. "पुस्तक खोटं, पण त्याचे वाचक खरे," काका म्हणाले, आणि तेवढ्यात मांजराने पिशवीत तोंड घातलं.

आमच्या कन्येचं मत आणखी वेगळं. ती पुस्तक विरार लोकलमध्ये उभ्याने वाचते. या पुस्तकात पाच-सहा शब्द असे चितारलेत की सरळ वाचा किंवा उलटे धरून वाचा, तोच शब्द. कार्डिनलांच्या छातीवर ज्या डागण्या उमटतात त्या याच. जॉन लँग्डन नावाच्या कलाकाराने ते काढलेत, आणि त्याच्याच आडनावावरून नायकाचं नाव ठेवलंय. ही बया भर गर्दीत पुस्तक गरगर फिरवून बघत होती. शेजारच्या बाईने आधी तिच्याकडे संशयाने पाहिलं, मग म्हणाली, "दाखव गं, दाखव," आणि मीरा रोडपर्यंत चौघीजणींच्या हातून पुस्तक उलटंपालटं होत राहिलं. तिच्या मते पुस्तकातलं सगळ्यात खरं काम तेच. बाकी गोष्ट काही मिनिटांची प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी फटाका.

तिचा आक्षेप नायिकेवर. व्हित्तोरिया व्हेत्रा एवढी मोठी शास्त्रज्ञ, प्रतिद्रव्य हिनेच बापाबरोबर तयार केलेलं, योगासनं करते, हुशार आहे. पण ऐन वेळी काय, तर तिला पळवून नेतात आणि प्राध्यापकाने तिला सोडवायचं. "आणि आई, तो मारेकरी बघ ना. अरब, क्रूर, बायकांच्या मागे लागलेला. साहेबाच्या पुस्तकात पूर्वेकडचा माणूस आला की तो असाच का असतो?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मावशींच्या पेन्सिलीनेही या माणसाकडे एकदाही बोट दाखवलं नव्हतं. मी परत पानं चाळून पाहिली तेव्हा लेकीचं पटलं.

आता गंमत बघा. काका म्हणाले इतिहास चोख. मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "ते प्रतिद्रव्याचं अगदी खरं असणार, शास्त्रज्ञांचं काम आहे ते." कन्येला दोन्ही खरं वाटत होतं, तिला फक्त माणसं खोटी वाटली. भाऊंना तर सगळंच खरं वाटलं, लॉस एंजेलिससकट. जो तो आपल्या अंगणापुरता हुशार, आणि शेजारच्या अंगणात डोळे मिटून विश्वास ठेवणारा. या लेखकाची पुस्तकं लाखांनी का खपतात याचं मर्म मला तरी यातच दिसतं. त्याने प्रत्येकाला एकेक चूक पकडण्याचा आनंद दिलाय, आणि उरलेल्या पन्नास चुका गिळायला लावल्यात.

चुका असाव्यात याला माझी ना नाही. कादंबरी आहे, कीर्तन नाही. पण या पुस्तकाच्या सुरुवातीलाच लेखकाने लिहून दिलंय की रोममधल्या कलाकृती, थडगी, भुयारं, इमारती हे सगळं वास्तव आहे, त्यांच्या जागांसकट, आणि इल्युमिनाटी हे बंधुमंडळही खरंच होतं. सगळं दुखणं आहे ते इथे. ही हमी नसती तर मावशींनी पेन्सिल काढली नसती आणि ती बाई बार्बेरीनी चौकात चर्च शोधत उभी राहिली नसती. झुंजारच्या कथेतला बोगदा खरा की खोटा, हे विचारायला कुणी गेलं नाही.

इल्युमिनाटी होते, हे खरंच. पण कधी? बव्हेरियातल्या इंगोलश्टाट गावी आडाम वाइसहाउप्ट या कायद्याच्या प्राध्यापकाने १ मे १७७६ रोजी ते मंडळ काढलं. १७८५ पर्यंत तिथल्या सरकारने बंदी घालून ते गुंडाळलं. गॅलिलिओ वारला १६४२ मध्ये. मधली १३४ वर्षं लेखकाने खिशात घातली. बर्निनी तर आयुष्यभर पोपांसाठी राबलेला, श्रद्धाळू कॅथलिक माणूस. त्याने धर्मसत्तेविरुद्ध गुप्त खुणा ठेवल्या म्हणणं म्हणजे मावशींच्याच शब्दांत "खाल्ल्या मिठाला न जागलेला दाखवणं."

मावशी चिडतात त्या याहून वेगळ्या कारणाने. "अगं, गॅलिलिओची खरी गोष्ट केवढी मोठी आहे! ज्या अर्बन आठव्यांच्या कारकिर्दीत १६३३ मध्ये त्याच्यावर खटला चालला, ते पोप होण्याआधी त्याचे चाहते होते. त्याची लेक मठात जोगीण. बापाला तिने लिहिलेली पत्रं आजही आहेत. खटल्यानंतर तो मरेपर्यंत घरात नजरकैदेत. आणि चर्चची चूक झाली हे जाहीरपणे म्हणायला पोप जॉन पॉल दुसऱ्यांना १९९२ साल उजाडावं लागलं. हे सोडून याला डागण्या नि कुप्या लागतात?" कॅथलिक बाई चर्चची चूक एवढ्या मोकळेपणाने सांगते, हे ऐकून काका सायकलवरून उतरलेच.

जी जागा खरी आहे आणि खरंच थरारक आहे, तिलाही पुस्तक न्याय देतं, हे कबूल करायला हवं. व्हॅटिकनपासून सांतांजेलो किल्ल्यापर्यंत भिंतीतून जाणारी 'पासेत्तो' नावाची वाट आहे, साधारण ८०० मीटरची. १५२७ मध्ये सम्राट चार्ल्सच्या बेभान फौजांनी रोम लुटलं तेव्हा पोप क्लेमेंट सातवे याच वाटेने जीव वाचवून किल्ल्यात पळाले. त्यांच्या मागे १८९ स्विस गार्डांपैकी १४७ जण तिथेच कापले गेले. अजूनही नवे गार्ड ६ मे रोजी शपथ घेतात ती त्या दिवसाची आठवण म्हणून. लँग्डन त्या वाटेने धावतो ती पानं वाचताना माझा चहा गार झाला. मावशींनीही तिथे समासात काही लिहिलेलं नाही.

बोलता बोलता काकांनी एक आकडा काढला. व्हॅटिकन म्हणजे जेमतेम ४४ हेक्टर, एकरांत १०९ च्या आसपास. आणि आपला वसईचा किल्ला? तोही ११० एकर सांगतात. झालं! एवढं ऐकल्यावर कुंपणाला पंख फुटले. भाऊ म्हणाले, मग आपल्याकडेच घडवू या की गोष्ट. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांतून टांगल्या. एक वाईजवळ मेणवलीला आहे, तिच्यावर चक्क बाळ येशूला घेतलेली मरियामाता आणि १७०७ हे साल. एक भीमाशंकरला. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. "प्रत्येक घंटेवर एकेक खूण!" भाऊ. "चारही जुळवल्या की भुयाराचा नकाशा!" कन्या. "भुयार किल्ल्यापासून अर्नाळ्यापर्यंत," काका, गंभीर चेहऱ्याने. "चौथी घंटा कुठे आहे?" मी. "ती सापडत नाही, म्हणून तर गोष्ट," भाऊ.

दहा मिनिटांत आम्ही सगळं रचलं. घंटा खऱ्या, साल खरं, चिमाजीअप्पा खरे. खोटं एवढंच, की कुणी कुणाला काही सांगून ठेवलं होतं. मावशी हसत होत्या, पण त्यांनी एक अट घातली. "लिहा खुशाल. फक्त सुरुवातीला 'यातलं सगळं सत्य आहे' असं छापलंत, तर तुमच्या घरी पुन्हा सुकेळी येणार नाहीत."

तर वाचायचं असेल तर जरूर वाचा. रोमचा नकाशा शेजारी ठेवा आणि नाव्होनाच्या कारंज्यातली गंगा तेवढी नीट बघून घ्या. सुरुवातीची ती सत्यतेची टीप सोडून थेट पहिल्या प्रकरणाला हात घाला. आमची प्रत हवी असेल तर ती सध्या लोकलमध्ये आहे, मावशींच्या खुणांसकट. आणि भाऊंना मात्र वाचून संपेपर्यंत भेटू नका.